देवाची मेंढरे वगळून

कुंभारी, दि. ११ नोव्हेंबर २०२४

मी, अजिनाथ बिरुदेव सरगर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मेंढपाळी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, मेंढपाळ सहकारी संघाचा सलग बारा वर्षे संचालक, सध्या मुक्काम कुंभारी, धाकटी बहीण अंबुबाई हिचे घरी, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की,

चि. सोनालीस आशीर्वाद.

पत्राचा मायना मला येत नाही असे समजू नये. तुझ्या आजोबांची सर्व पत्रे मीच लिहीत असे. परंतु ज्या मुलीशी पंधरा महिने बोलणे नाही तिला ‘पत्रास कारण की’ असे लिहिताना हात अडला, म्हणून जबाबाची रीत धरली. जबाबात माणसाने आधी आपण कोण हे सांगावयाचे असते. ते वर सांगितले आहे.

आता कारण. गेल्या महिन्यात अकलूजच्या एका दूध संघाचे पत्र आपल्या संघाच्या सात रस्ता चौकातील कार्यालयात आले. त्यांच्या माहिती विभागात तुझी निवड झाली आहे. नेमणुकीपूर्वी तुझ्या येथील नोकरीबद्दल संघाचा अभिप्राय त्यांना हवा असून मुदत ३१ डिसेंबरची आहे. मॅनेजर गुरुशांत यांनी ते पत्र मला दाखविले व विचारले, “सरगरसाहेब, ठराव नऊप्रमाणेच कळवू ना?” ठराव क्रमांक नऊ तुला पाठ असेल. ‘माहिती भरण्यातील निष्काळजीपणामुळे चारशे बारा मेंढरे लसीवाचून मेली, सबब सोनाली सरगर यांस सेवेतून कमी करण्यात येत आहे.’ एवढी ओळ गेल्यावर ती जागा तुला मिळणार नाही, हे न समजण्याइतका मी अडाणी नाही.

मी गुरुशांत यांना थांबण्यास सांगितले. संचालक या नात्याने चूक कोठे झाली हे मी स्वतः पाहीन, मग अभिप्राय जाईल, असे बजावले. चूक तुझी असेल तर तुझी म्हणेन. यंत्राची असेल तर यंत्राची म्हणेन. यासाठी मी रोज सकाळी बसने सात रस्त्यावर जातो आणि कार्यालयात बसून माहिती भरण्याची ती कॉम्प्युटरवरील प्रणाली शिकतो.

तुझी आत्या विड्या वळता वळता मला बोलते, तेही लिहितो, कारण काही लपवावयाचे नाही. काल म्हणाली, “दादा, लेकीला फोन लावायचा सोडून कागुद कसला लिव्हतोस? ती काय कलेक्टर हाय?”

मी म्हणालो, “फोनवरचे बोलणे राहत नाही.”

“न ऱ्हाऊ दे की. तुजं बोलणं ऱ्हायल्यानं आजवर कुणाचं भलं झालंय?”

तिला शिस्त नाही. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवीत आहे.

अजिनाथ बिरुदेव सरगर


कुंभारी, दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

पोहोच परत आली. तिच्यावर तुझी सही आहे. अक्षर पूर्वीसारखेच आहे.

तुझ्या जागेवर आता चंद्रिका नावाची मुलगी काम करते. अक्कलकोटकडची, लिंगायताघरची. घरी कानडी बोलत असल्यामुळे मला अज्जा म्हणते. पहिल्या दिवशी तिने मला आतल्या खोलीकडे बोट दाखविले. “संचालकांची खुर्ची तिकडं आहे की.”

“मी शिकावयास आलो आहे,” मी सांगितले.

“काय शिकायला?”

“सिस्टिम.”

ती हसली. मग स्टूल ओढून पदराने पुसले. “बसा मग. पण अज्जा, मधे मधे सही मागायची नाही आणि चहा मी आणणार नाही.” चहा मी आणतो. शिकणाऱ्याने आणावयाचा असतो.

पहिले चार दिवस मी त्या पडद्याकडे पाहत होतो. कोणते बटण दाबले की काय होते ते वहीत लिहून घेत होतो. पाचव्या दिवशी तिने माझी वही वाचली आणि म्हणाली, “हे सगळं खोडा. तुम्ही मशीन शिकायलात. मशीन उद्या जळलं तरी सिस्टिम राहते.”

“मग सिस्टिम म्हणजे काय?”

“कोण कुणाला काय सांगतंय, आणि ते ऐकून कोण काय ठरवतंय. बास. बाकी सगळं टायपिंग.”

तिला मी सिस्टिमचे पूर्ण नाव विचारले. ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ असे तिने फळ्यावर लिहून दिले. ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आहे.

तुला हे सर्व ठाऊक आहे. तरी मी काय शिकलो ते तू तपासावेस म्हणून लिहितो. तळावर जाऊन मेंढपाळाला विचारतात, मेंढरे किती, गाभण किती, लस केव्हा टोचली. त्याचे कार्ड बनते. बेचाळीस तळांच्या कार्डांची यादी डॉक्टरकडे जाते. कोणत्या वाटेने कोणत्या दिवशी निघावयाचे ते त्याला त्यावरून कळते. यादीची बेरीज मॅनेजरकडे जाते. किती बाटल्या लस मागवावयाची, लोकर कातरणारे किती लावावयाचे, हे तो ठरवितो. आणि बेरजेचे चित्र आम्हां संचालकांकडे येते. मी विचारले, आम्हांलाच चित्र का. ती म्हणाली, “मोठ्या माणसांना वेळ नसतो, आणि लहान मुलांना वाचता येत नाही. दोघांना चित्रच द्यावं लागतं.” मी रागावलो नाही.

पूर्वी आपला म्हातारा डॉक्टर शंभर मेंढरांमागे दीडशे मात्रा मागवीत असे, आणि उरलेली लस खड्ड्यात ओतीत असे. प्रणाली आल्यावर ठराव झाला की यापुढे नोंद असेल तितकीच लस मागवावी. त्या ठरावाचा सूचक मी होतो. अपव्यय मला कधीच सहन झाला नाही.

त्यानंतर आपल्या तळाचे कार्ड काढून पाहिले. ‘मेंढरे एकशे अठरा. माहिती सांगणार, अजिनाथ सरगर. माहिती भरणार, सोनाली सरगर. दि. ९ एप्रिल २०२३.’ मी सांगितलेला आकडा हाच होता. मग बेचाळीसही तळांची कार्डे तळांवर भरलेल्या कागदांशी ताडली. चंद्रिका वाचे, मी बोट ठेवी. तीन दिवस लागले. एकही आकडा चुकलेला नाही. यंत्राने बेरीजही बरोबर केली आहे, कारण ती मी हाताने करून पाहिली.

चंद्रिकेने विचारले, “भरणारीची चूक नाही, मशीनची नाही. मग अज्जा, लस कमी कशी पडली?”

मी पाणी मागितले.

तूर्त एवढेच. शोध चालू आहे.

अजिनाथ बिरुदेव सरगर


कुंभारी, दि. २ डिसेंबर २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

गुरुवारी मी चंद्रिकेकडे एप्रिल २०२३ चा अहवाल मागितला. संचालकांना त्या वेळी काय दाखविले गेले होते ते पाहावयाचे होते. ती म्हणाली, पडद्यावर बघा. मी म्हणालो, कागद हवा, ज्यावर सह्या आहेत तो. तिने कपाटातून काढून दिला.

तीन पाने आहेत. पहिल्या पानावर हिरव्या रंगाचे खांब आहेत. एकेका तळाचा एकेक खांब, आणि आपल्या तळाचा सर्वांत उंच. मला ती सभा आठवते. मी ते पान पाहिले आणि गुरुशांत यांना म्हणालो, “छान.” दुसऱ्या पानावर तालुकावार बेरजा आहेत. तिसऱ्या पानावर चित्र नाही, बेरीज नाही. ‘शेरा’ असे लिहून खाली तू सहा ओळी लिहिल्या आहेस. तू त्या विसरली नसशील, तरी मी आता वाचल्या याचा पुरावा म्हणून उतरवून देतो.

‘नोंदलेली संख्या तळांवर सांगितल्याप्रमाणे आहे. देवाची मेंढरे वगळून आकडे दिले जातात. ती एकूण मेंढरांच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असू शकतात. लस मागविण्यापूर्वी संचालकांनी स्वतः तळांवर सांगून फेरमोजणी करवून घ्यावी. माझ्या सांगण्याने ती होणार नाही. मी घरी विचारून पाहिले आहे.’

खाली माझी सही आहे. तिन्ही पानांवर आहे. अक्षर स्वच्छ आहे.

चंद्रिका लिंगायताची मुलगी, तिला आमची रीत ठाऊक नव्हती. देवाची मेंढरे म्हणजे काय, असे तिने विचारले. मी तिला सांगितले की नवसाने एक मेंढी देवाला सोडतात, मग तिची पिल्ले देवाची, पिल्लांची पिल्ले देवाची. ती त्याच कळपात चरतात, त्याच जाळीच्या वाघरीत बसतात. परंतु ती विकावयाची नाहीत, कापावयाची नाहीत आणि आमच्या घराण्यात तरी त्यांना आकडा लावावयाचा नाही. सकाळी वाघरीचे दार उघडून मेंढरे मोजताना कपाळाला हळद असलेले मेंढरू आले की आम्ही मान वळवितो. जे मोजले ते जाते, असे माझे वडील म्हणत.

“पण लस तर त्यांनाही टोचली ना?” ती म्हणाली.

“त्यांना आधी. देवाचा मान पहिला.”

मग कागद पुढे ओढून तिने हिशेब मांडला. आपल्या तळाला नोंदीप्रमाणे एकशे अठरा मात्रा आल्या. देवाची मेंढरे डॉक्टरच्या टोचणीच्या नोंदीवरून सत्तेचाळीस निघाली. त्यांना आधी टोचल्यावर उरल्या एकाहत्तर. म्हणजे मोजलेल्या एकशे अठरांपैकी सत्तेचाळीस मेंढरे लसीवाचून राहिली. लस संपली त्याच संध्याकाळी तू जादा लस मागविली होतीस, तिचीही नोंद आहे. ती पुण्याहून यावयास बावीस दिवस लागले. तोवर कोवळा चारा खाऊन आंत्रविषार झाला आणि एकोणचाळीस गेली.

तिच्या कागदावर ते अगदी सरळ दिसत होते. आम्हांला तेव्हा तसे दिसले नव्हते. आम्हांला असे दिसले की तू ज्यांना मोजलेस ती पटापट मेली आणि ज्यांना कोणी मोजले नाही ती देवाची सर्व उभी राहिली. तुझा काका भिमा मेलेल्या मेंढरांच्या मध्ये उभा राहून ओरडत होता, “सोनीनं मोजली! सोनीनं मोजली म्हणून गेली!” बेचाळीस तळांवर हाच पुरावा झाला. वडिलांचा शब्द खरा ठरला म्हणून माझ्या मनाला त्या वेळी एक प्रकारचा आधारही वाटला. हे लिहिण्यास कठीण आहे, तरी लिहिले.

तिसऱ्या पानाविषयी आणखी एक. त्या एप्रिलमध्ये तळावर तू मला विचारले होतेस, “आबा, देवाची धरून किती?” मी म्हणालो होतो, “शिकलीस म्हणून देवालाही रांगेत उभे करतेस काय?” तू फॉर्म मिटलास. मला वाटले, विषय संपला. तू मात्र तोच प्रश्न घरातून उचलून संघाच्या कागदावर नेलास, जेथे बाप म्हणून मला रागावता येणार नव्हते आणि संचालक म्हणून वाचणे भाग होते. भाग होते, तरी वाचले नाही.

अंबुबाईला मी तो शेरा वाचून दाखविला. तिने सूप बाजूला ठेवले. “म्हंजी पोरीनं समदं सांगितलं हुतं की! मग तुमी लोकांनी तिला का हाकलली?”

त्या प्रश्नाचे उत्तर पुढील पत्रात देईन.

अजिनाथ बिरुदेव सरगर


कुंभारी, दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सोनाली,

मागील तिन्ही पत्रांत मी खोटे काही लिहिलेले नाही. परंतु खरे होते ते पूर्ण लिहिले नाही. आज ते लिहितो.

तू फॉर्म घेऊन तळोतळी निघालीस त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एक्केचाळीस तळांवर निरोप दिले होते. काही ठिकाणी फोनने, जवळच्या नऊ तळांवर स्वतः जाऊन. निरोप असा होता: ‘माझी मुलगी आकडा विचारावयास येईल. बापजाद्यांनी सांगितला तसाच सांगा. देवाला कॉम्प्युटरात घालू नका. आणि ती माझी मुलगी आहे म्हणून भिडेस पडू नका.’ काहीजण कदाचित खरे सांगणार होते. नान्नजच्या माळावरील तळप्रमुखाने तर मला फोनवर विचारले होते, “पर मालक, लस कमी पडंल की.” मी त्याला म्हणालो, “आजवर कधी पडली?” आजवर ती पडली नव्हती, कारण म्हातारा डॉक्टर दीडपट मागवीत असे. आणि ते बंद करावे असा ठराव मी स्वतःच मांडला होता. हे दोन आकडे माझ्याच डोक्यात होते आणि मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवले नाहीत.

असे का केले हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. देवाची भीती होती, हे खरे. परंतु भीती एवढीच असती तर मी माझ्या तळापुरता गप्प बसलो असतो. इतरांना निरोप देण्याचे कारण वेगळे होते. बारा वर्षे मेंढपाळ मला विचारून आकडा सांगत असत. कोणत्या तळावर काय आहे हे संघात फक्त मला ठाऊक असे, आणि मॅनेजर फाईल घेऊन माझ्या दाराशी येत असे. तुझी प्रणाली आल्यावर ते सर्व कपाटात जाणार होते, आणि ते नेणारी माझ्या घरातली मुलगी होती. मला ते सहन झाले नाही. चंद्रिका म्हणते ते बरोबर आहे. कोण कुणाला सांगतो, हीच प्रणाली. त्या अर्थाने तुझ्या आधी संघाची प्रणाली मी होतो.

आता ऑगस्टची सभा. तू दाराबाहेर बाकावर बसली होतीस. गुरुशांत यांनी मला सभ्यपणे सुचविले, “सरगरसाहेब, विषय तुमच्या मुलीचा आहे. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसलात तरी चालेल.” मी उभा राहून म्हणालो, “संघात मला मुलगी नाही.” सर्व संचालकांनी बाके वाजविली. माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल इतिवृत्तात एक ओळ आहे. ती मी घरी दोनदा वाचली होती.

दार उघडे होते. तू ते ऐकलेस, हे मला तेव्हाच कळले होते.

मग तुला आत बोलाविले. विचारले, आकडे कमी कसे? तू म्हणालीस, “सांगितले तेवढे लिहिले. रिपोर्ट वाचा.” पुन्हा विचारले, पुन्हा तू म्हणालीस, “रिपोर्ट वाचा.” आम्हां सर्वांना तो उद्धटपणा वाटला. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. निरोपांची गोष्ट तोवर तुला तळांवरून कळली होती, हे मला आता चंद्रिकेने दाखविलेल्या तुझ्या भेटींच्या नोंदींवरून समजते. पाच कार्डांच्या पाठीमागे तू बारीक अक्षरात ‘निरोपाप्रमाणे’ असे लिहिले आहेस. एकदा माझे नाव घेतले असतेस तर तुझी नोकरी वाचली असती. तू ते घेतले नाहीस. मी ते स्वतः घेऊ शकलो असतो. सूचक मिळाला तेव्हा ठराव नऊला अनुमोदक म्हणून मी हात वर केला.

सोळा महिने भिमा तुझ्या नावाने बोटे मोडतो. त्याच्या कळपातली एकोणचाळीस गेली. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धालाही त्याने तुला बोलावू दिले नाही, आणि मी त्याच्या शेजारी बसून जेवलो.

२० तारखेस संचालक मंडळाची सभा आहे. मी तेथे काय बोलणार ते तुला कळविले आहे, असे समजावे.

अजिनाथ बिरुदेव सरगर


कुंभारी, दि. २३ डिसेंबर २०२४

चि. सोनाली,

शुक्रवारी सभा झाली. मी माझे निवेदन उभा राहून वाचले. आधी तिसरे पान वाचले, मग माझे निरोप सांगितले, मग अनुमोदन मागे घेतले. कोणी बाक वाजविले नाही. एक संचालक म्हणाले, “सरगर, सोळा महिन्यांनी हे कशाला उकरता? मुलीला नोकरी लागावी म्हणून स्वतःवर घेता आहात, हे आम्हांला कळत नाही का?” मी त्यांना कार्डे दाखविली. ‘निरोपाप्रमाणे’ हा शब्द तीन जणांनी चष्मा लावून पाहिला. शेवटी चार विरुद्ध सहा अशा मतांनी ठराव नऊ रद्द झाला. विरुद्ध पडलेल्या चौघांचे म्हणणे की संघाचे हसे होईल. ते होईलच.

गुरुशांत यांनी अकलूजला धाडलेल्या अभिप्रायाची प्रत सोबत जोडली आहे. ‘सदर कर्मचाऱ्याने संभाव्य धोक्याची लेखी सूचना वेळेत दिली होती, तिची दखल घेतली गेली नाही, ही संघाची चूक आहे’ असे त्यात आहे. ‘संघाची’ या शब्दाऐवजी ‘संचालक अ. बि. सरगर यांची’ असे लिहावे, असा माझा आग्रह होता. गुरुशांत म्हणाले, “साहेब, तेवढं एक माझ्या मनाप्रमाणे राहू द्या.” माझा राजीनामा त्यांनी मुकाट्याने ठेवून घेतला.

परंतु पत्र लिहून काम संपले नाही. या वर्षाची मोजणी महिनाअखेर बंद होते, उन्हाळ्यातील लस तिच्यावरून येणार. चंद्रिकेकडे आलेले आकडे पुन्हा देवाची मेंढरे वगळूनच आहेत. माझा जुना निरोप अजून तळांवर चालू आहे. म्हणून शनिवारी मी नान्नजच्या माळावर गेलो आणि निरोप परत घेतो असे सांगितले. तळप्रमुख तंबाखू मळत म्हणाला, “परत घ्यायला त्यो काय उसना डबा हाय व्हय, मालक? आदी तुमची मोजा. मग आमाला शिकवा.”

त्याचे म्हणणे रास्त होते. भिमाने या महिन्यात कुंभारीच्याच शिवयोगी यांच्या रानात मेंढरे बसविली आहेत. काल रविवारी सकाळी मी तेथे गेलो. सोबत अंबुबाई आली, आणि फॉर्म घेऊन चंद्रिका. रानाचे मालक शिवयोगी बांधावर होते.

भिमाला वाटले, मी सहज आलो. चंद्रिकेच्या हातातला फॉर्म पाहून त्याचे तोंड उतरले. “पुन्यांदा? पुन्यांदा मोजायला आलासा?”

“देवाची धरून,” मी म्हणालो.

“दादा, डोकं फिरलंय का तुजं? एकदा सोनीनं मोजली तवा काय झालं, इसरलास?”

मी त्याला सर्व सांगितले. मात्रा, सत्तेचाळीस, निरोप, सभा. मेंढरे आत ओरडत होती, त्यामुळे मला मोठ्याने सांगावे लागले. तो ऐकत वाघरीच्या खुंटीला धरून उभा होता.

“म्हंजी तू हुतास.”

“होय.”

“सोळा महिनं मी त्या पोरीला शिव्या घातल्या. तुज्या म्होरं घातल्या. आन तू भाकर मोडत बसलास. एकदा तर मलाच म्हनलास, आनखी वाडू का रं आमटी.”

“होय.”

अंबुबाई मध्ये पडावयास निघाली. तो म्हणाला, “आक्का, तू गप.” मग माझ्याकडे न पाहता बोलला, “मोज. पर ह्यातलं एक जरी गेलं तर तुला भाऊ न्हाय.”

“आणि नाही गेले तर?” चंद्रिकेने विचारले. ती लहान आहे, तिला कोठे बोलावे ते कळत नाही.

“तरी बी बघावं लागंल,” भिमा म्हणाला.

वाघरीच्या दाराशी मोजावयास दोन माणसे लागतात. एकाने जाळी इतकी उचलावयाची की एका वेळी एकच मेंढरू निघेल, दुसऱ्याने मोजावयाचे. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. एकट्याने जाळी धरून मोजता येत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. काही वेळाने तो आला आणि त्याने जाळी उचलली.

मी मोठ्याने मोजले. कपाळावर हळद असलेले पहिले मेंढरू सातवे आले. माझी मान आपोआप वळली. मी ती परत सरळ केली आणि म्हणालो, सात. आवाज बरोबर निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, सात. चंद्रिकेने लिहिले. नंतर मान वळली नाही. भिमा दर हळदीच्या मेंढरामागे काहीतरी पुटपुटत होता; देवाचे नाव असेल, माझेही असेल.

एकूण एकशे सत्तेचाळीस. देवाची वेगळी लिहू का, असे चंद्रिकेने विचारले. मी म्हणालो, लसीला जेवढी लागतात तेवढी लिही. तिने सरसकट एकच आकडा लिहिला. ‘माहिती सांगणार’ या रकान्यात मी माझे नाव सांगितले.

उद्यापासून उरलेल्या तळांवर जाईन. एक्केचाळीस आहेत, मुदत आठ दिवस आहे, आणि सर्वजण ऐकतील असे नाही. जे ऐकणार नाहीत त्यांच्यासाठी जादा मात्रा मागवाव्यात असा शेरा चंद्रिकेला पहिल्या पानावर, खांबांच्या वर, लिहावयास सांगितले आहे.

तू उत्तर पाठवावेस असे मी म्हणत नाही. ‘संघात मला मुलगी नाही’ हे वाक्य मी सभेत बोललो होतो, म्हणून ते मागेही सभेतच घेतले. घरातले मी घरीच मागे घेऊ शकतो, आणि त्यासाठी तू समोर असावी लागतेस. तू तेथे रुजू होशील म्हणून अकलूजची बस सकाळी किती वाजता आहे याची मी चौकशी करून ठेवली आहे. तू ये म्हणेपर्यंत मी तिच्यात बसणार नाही.

दि. २२ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी, मौजे कुंभारी येथे, शिवयोगी यांच्या रानात, देवाची मेंढरे धरून झालेल्या मोजणीच्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

शिवयोगी, रानाचे मालक. सही केली.

चंद्रिका, संघाच्या माहिती विभागातील कर्मचारी. सही केली.

अंबुबाई, लिहून देणाऱ्याची बहीण. सही केली, अंगठा नको म्हणाली.

भिमा बिरुदेव सरगर, लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. हजर होता. वाघरीची जाळी शेवटच्या मेंढरापर्यंत धरली. सही केली नाही.